डिझेलच्या डब्याची चिंधी

बुधवार, दुपार
दवाखाना

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, मी बरी आहे, गुडघा आहे तसाच कुरकुरतोय. दर रविवारी फोनवर पाऊण तास तुझं डोकं खाणारी बाई अचानक पानंच्या पानं लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिनसलं असणार असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. गाडी बदलायची आहे. आपल्या गाडीचं लीज या महिनाअखेरीला संपतंय. तीन वर्षांचं होतं, पुढे तीन वर्षं वाढवून घेतलं, आता कंपनी आणखी वाढवून द्यायला तयार नाही. ती परत करायची आणि नवी घ्यायची. डिझेलची घ्यायची की पेट्रोलची, एवढाच प्रश्न आहे, आणि उद्या दुपारपर्यंत मला कागदावर सही करून द्यायची आहे. तू म्हणशील, हे मला कशाला सांगतेस, मी स्टीअरिंगला हात लावून सहा वर्षं झाली. झाली खरी. पण खिंडीत गाडी कशी चढते हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे. तू चालवायचीस, मी डॉक्टरीण म्हणून शेजारी दांडीला धरून बसायचे आणि वळणावर डोळे मिटायचे.

गेल्या मंगळवारी लीज कंपनीचा माणूस दोन्ही गाड्या घेऊन दारात हजर झाला. एक तो चालवत आला, दुसरी त्याचा जोडीदार. आपल्या दवाखान्यात टाय घालून आलेला हा पहिलाच प्राणी, तेव्हा त्याचं नाव टायवाला पडलं ते पडलंच. बोलतो गोड. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डिझेलच्या गाडीजवळ उभा राहिला की डिझेलसारखं दुसरं नाही, आणि चार पावलं सरकला की पेट्रोलसारखं दुसरं नाही. मी म्हटलं, बाबा रे, तू आधी एका जागी उभा राहा. तेव्हा हसला आणि चाव्या माझ्या हातात दिल्या. मी दोन्ही गाड्या पायथ्याच्या दगडी चढावर नेऊन आणल्या. पहिल्या फेरीत टायवाला शेजारी बसून गाडीचे गुण सांगत होता. दुसऱ्या फेरीत त्याने टाय काढून खिशात ठेवला आणि तो गप्प बसला.

पेट्रोलची गाडी गुणी आहे, खोटं कशाला बोलू. चावी फिरवली की सुरू. आपल्या गाडीसारखी थंडीत सकाळी सकाळी मनधरणी करावी लागत नाही. आवाज इतका कमी की चालू आहे का बंद पडली ते बघायला मी दोनदा काटे तपासले. दर महिन्याचं भाडंही जरा कमी. पण दगड लागले की तिला रेटावं लागतं, पाय थोडा सैल पडला की दम टाकते, आणि टाकीचा काटा असा उतरतो की बघवत नाही. खिंडीपलीकडे एकशे दहा किलोमीटर पंप नाही हे तुला काय सांगायचं. डिझेलची धडधडते, जड आहे, वळायला ऐसपैस जागा मागते. पण पहिल्या गिअरमध्ये टाकली की माणसाच्या चालीने गुमान वर चढते. तू आपल्या गाडीबद्दल म्हणायचीस ना, हिला घाई नाही आणि कंटाळाही नाही, तशीच. चढाच्या टोकाला पोचल्यावर मला तुझं ते वाक्य आठवलं आणि मी ते टायवाल्याला सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. आता पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून ऐकवेल.

मग मिस्त्रीकडे गेले. तो होता तसाच आहे, अजून तोंडात स्क्रू धरून बोलतो, कधीतरी एखादा गिळेल. त्याने मला एक नवीन गोष्ट सांगितली. हल्लीच्या डिझेल गाड्यांना मागे काजळी धरून ठेवणारी जाळी असते. गाडी नुसती गावातल्या गावात फिरवली तर ती जाळी तुंबते. आठवड्यातून एकदा तरी लांबचा पल्ला मारून ती तापवावी लागते, म्हणजे काजळी जळून जाते. तेव्हा डॉक्टरीणबाई, म्हणाला, प्रश्न इंजिनाचा नाहीच, तुम्ही अजून तीन वर्षं लांब जाणार की नाही त्याचा आहे. मला राग आला. बावन्न म्हणजे काही वय नाही. पण मुद्दा बरोबर होता. मी घरी येऊन हिशोब मांडला, खिंडीपलीकडे नऊ वस्त्या, अकराशेच्या वर मेंढ्या, आणि माझ्याशिवाय तिकडे कुणी डॉक्टर फिरकत नाही. मी जाणार आहे. गुडघा बदलावा लागला तर बदलून जाणार आहे. म्हणजे गाडी डिझेलचीच हवी. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

शनिवारी संस्थेची सभा झाली. आपली तीच मेंढपाळांची संस्था, गाडीचं लीज तिच्या नावावर आणि मी तिची पगारी डॉक्टर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या आणि सतरा माणसं, उरलेले सहा खिडकीत आणि वजनकाट्यावर. मी दोन्ही गाड्यांचं सांगितलं, मिस्त्रीच्या जाळीचंही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमताने म्हणाले, पेट्रोलचीच घ्या. कारण काय, तर मेंढ्यांवर औषध फवारायचा पंप पेट्रोलवर चालतो. गाडीही पेट्रोलची असली की बरोबर एकाच जातीचा डबा न्यायचा. घोळ व्हायला जागाच नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या लोकांचं तोंड चांगलंच पोळलेलं आहे. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, पेट्रोलबाई आता परत यायच्या नाहीत ना? सगळे हसले. वाईट मनाने नाही, तुझ्यावर माया असलेलीच माणसं आहेत ही. पण हसले. बारके, मीही हसले. हसून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी उगाचच उठून फ्रिजमधल्या बाटल्या नीट लावल्या.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस तू विसरली असशील असं नाही, तरी मला एकदा क्रमाने लिहू दे. गाडीच्या मागच्या बाजूला दोन डबे असायचे. दोन्ही हिरवे, वीस-वीस लिटरचे, संस्थेने एकाच दुकानातून आणलेले. एकात गाडीचं डिझेल, एकात पंपाचं पेट्रोल. नावं लिहू, रंग लावू, असं आपण दर महिन्याला म्हणायचो. चिठ्ठ्या धुळीने निघून जायच्या आणि रंग आणायचा राहून जायचा. शेवटी तू जुन्या चादरीची निळी चिंधी फाडलीस आणि डिझेलच्या डब्याच्या मुठीला बांधलीस. चिंधी म्हणजे डिझेल. नियम तुझा. मी त्यावर टवाळी केली होती की बाई, तू डब्यालाही रिबिनी बांधायला लागलीस. तू म्हणालीस, तुझ्यासारखी टाक्याची गाठ नाही मारली हे नशीब समज. तेव्हा मी सगळ्यालाच टाक्याची गाठ मारायचे, औषधाच्या खोक्यांना, पिशव्यांना, बुटांच्या नाड्यांनासुद्धा. अजूनही मारते. तीस वर्षं जनावरांना टाके घालून बोटांना दुसरी गाठ येतच नाही, आणि ती सोडवताना तू शिव्या घालायचीस. आधीच्या गाडीपासून चार वर्षं तुझा चिंधीचा नियम बिनचूक चालला.

त्या दिवशी आपण लस घेऊन खिंडीपलीकडच्या काठीवालीच्या मेंढ्यांकडे निघालो होतो. तिच्या शेजारच्या कळपात रोग शिरला होता, एक दिवससुद्धा घालवून चालणार नव्हतं. गाडी नवीकोरी, चार महिन्यांची. लस बर्फाच्या पेटीत, वर ऊन. वाटेत तारेच्या कुंपणात अडकलेला तो एडका दिसला, मांडी फाटलेली. तू पुढे जाऊन त्याची शिंगं धरून बसलीस. मी मागून सामान काढलं, जखम बांधली, घाईत जंतुनाशकाची अर्धी बाटली गाडीत सांडली, आणि आपण निघालो. पायथ्याला नेहमीसारखी तू खाली उतरलीस आणि एक डबा टाकीत ओतलास. आठ किलोमीटर चढल्यावर गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. सकाळचे अकरा वाजले होते. चार वाजेपर्यंत त्या रस्त्याने कुणी आलं नाही आणि तोवर पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

मिस्त्रीने टाकी उघडून वास घेतला आणि आपल्या दोघींकडे बघितलं. डिझेलच्या गाडीत पेट्रोल. डिझेल स्वतःच तेलकट, ते इंजिनातल्या पंपाला ओलं ठेवतं. पेट्रोल गेलं की पंप कोरडा घासतो आणि संपतो. तू एकच वाक्य परत परत बोलत होतीस, ताई, मी चिंधी बघूनच ओतलं गं. मिस्त्रीने दोन्ही डबे काढून पुढे ठेवले. चिंधी डिझेलच्याच डब्याला होती आणि तो डबा काठोकाठ भरलेला होता. रिकामा होता तो बिनचिंधीचा. तू किती वेळ त्या दोन डब्यांकडे बघत उभी होतीस. त्यानंतर ते वाक्य तू पुन्हा कधी बोलली नाहीस. नवी लस यायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत काठीवालीच्या नव्वदातल्या एकसष्ट मेंढ्या गेल्या.

तुला कुणी जा म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांनी तू स्वतःच गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि नवऱ्याची बदली होतेच आहे, मीही जाते, म्हणालीस. मी म्हटलं, बघ, तुला जसं बरं वाटेल तसं कर. केवढी समजूतदार मोठी बहीण. आता तू औषधाच्या कारखान्यात पुड्या भरतेस, आणि प्रत्येक वजन शेजारच्या बाईकडून तपासून घेतेस असं तूच मला हसत हसत सांगितलंस. गेल्या महिन्यात तू अंघोळीला गेली होतीस म्हणून फोन भाचीने घेतला. तिने मला सगळं सांगून टाकलं, नऊ वर्षांच्या पोरीच्या पोटात काय राहणार. आई गॅस तीनदा बघते. कुलूप लावून जिना उतरते आणि परत वर जाते. बाबांनी गाडी काढली की आई मागच्या सीटवर बसते. आई म्हणते की तिच्या डोळ्यांना दिसतं एक आणि असतं दुसरंच. आणि मग मला विचारते, मावशी, आई पूर्वी डोंगरात गाडी चालवायची असं बाबा सांगतात, ते खरं आहे का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला तर थापच वाटते. मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

आता या आठवड्याचं. सोमवारी सकाळी सचिव शनिवारच्या सभेचा ठराव टाइप करून घेऊन आले. तुझ्या वेळचेच सचिव, आता दोन चष्मे वापरतात, एक नाकावर आणि एक कपाळावर. ठराव असा आहे, शब्द न शब्द लिहिते. 'पूर्वी चालकाच्या निष्काळजीपणामुळे डिझेल वाहनात पेट्रोल भरले जाऊन संस्थेचे व सभासदांचे नुकसान झाले. सबब यापुढे पेट्रोल वाहनच घ्यावे.' खाली दोन सह्यांना जागा. एक सचिवांची, केलेली. दुसरी माझी. चालक म्हणजे तू. नाव नाही, पण चालक एकच होती. हा कागद लीजच्या अर्जासोबत जाणार आणि संस्थेच्या वहीत कायमचा चिकटणार. मी तो काट्याच्या वजनाखाली दाबून ठेवला आणि सचिवांना म्हटलं, गुरुवारी देते. ते म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काय आहे, सगळ्यांना माहीत असलेलीच गोष्ट. सहा वर्षांत मला असं काही लिहून द्यावं लागलं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की भागत होतं.

त्याच दिवशी दुपारी काठीवाली आली, मेंढ्यांचं जंताचं औषध न्यायला. काठी अजून तिच्याहून उंच. कळप पुन्हा सत्तरवर नेलाय म्हणाली. मग आपणहून तुझी चौकशी केली आणि मला एक गोष्ट सांगितली, जी तू मला कधीच सांगितली नाहीस. जायच्या आधी तू एकटी चालत खिंड ओलांडून तिच्याकडे गेली होतीस. तिच्या दारात बसून रडलीस आणि दोन दिवस तिच्या उरलेल्या मेंढ्या राखल्यास. ती तुला होतं गं पोरी, होतं असं म्हणत राहिली आणि तू ऐकेचनास. मला तू सांगितलं होतंस की सासूकडे जाऊन येते. काठीवाली औषध घेऊन गेली.

काल गाडी परत करायची म्हणून रिकामी करायला घेतली. सीटखाली तुझी केसांची पिन सापडली, रस्त्यांचा एक नकाशा सापडला, एक वाळलेलं संत्रं सापडलं. शेवटी मागचे डबे काढले. चिंधी अजून मुठीला आहे, निळी कसली, आता मळकट राखाडी झालीय. ती हातात धरून मी मागच्या दारात बसले आणि ठरवलं की सचिवांना काय सांगायचं ते नंतर, आधी तुला सांगायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला सहा वर्षं खवखवतंय आणि औषध माझ्याच कपाटात होतं.

तर ऐक. एडक्याच्या मांडीचं रक्त थांबत नव्हतं आणि पट्ट्या पेटीच्या तळाशी होत्या. पेटी ओढायला मी दोन्ही डबे जमिनीवर काढून ठेवले. हाताला लागली म्हणून डब्याची चिंधी सोडली आणि त्याच्या मांडीला वरच्या बाजूने आवळली. पट्टी बांधून झाल्यावर चिंधी परत डब्याला बांधली. चुकीच्या डब्याला बांधली. तू पुढे शिंगं धरून बसली होतीस, तुला यातलं काही दिसलं नाही. पायथ्याला तू चिंधी बघितलीस आणि त्याच डब्यातलं ओतलंस. वास यावा कसा, गाडीभर माझं जंतुनाशक सांडलेलं. इथवर ती चूक होती, आणि चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं ऐक. गाडी बंद पडली, तू बॉनेट उघडून आत डोकं घातलंस. मी मागे गेले. डब्याला चिंधी आणि चिंधीवर रक्त दिसलं, झाकण उघडून वास घेतला आणि मला सगळं कळलं. मी ती चिंधी सोडली आणि दुसऱ्या डब्याला बांधली. दहा सेकंद लागले असतील. का केलं असं विचारशील. मी डॉक्टर, लस माझी, हलगर्जीपणा माझा, नोकरी जाईल, असं काहीसं डोक्यात होतं. मिस्त्री आला की सांगू असं वाटलं, मग घरी गेल्यावर सांगू असं वाटलं, आणि मेंढ्या मरायला लागल्यावर तोंडच उघडेना. शिवाय आपल्या घरात लहानपणापासून ठरलेलंच होतं, मी शहाणी आणि तू वेंधळी. त्यामुळे कुणी शंकाही घेतली नाही. तूसुद्धा घेतली नाहीस. तू माझ्यावर संशय घेण्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर घेतलास.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण तू मध्येच 'जाऊ दे गं ताई' म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून पत्र. तुला मध्ये बोलता येऊ नये म्हणून पत्र. ठरावाच्या कागदावर मी सही केलेली नाही. त्याच्या मागे सगळं लिहून त्याखाली केलीय, आणि गाडी डिझेलचीच मागितलीय, कारण त्या रस्त्याला तीच लागते आणि डब्यांत काही दोष नव्हता. उद्या सकाळी हे पत्र पेटीत टाकून मी आधी काठीवालीकडे जाणार, दुपारी सचिवांकडे. पुढे ते ठेवतील तशी राहीन, नाही ठेवलं तर जाईन. तुला परत ये म्हणत नाही, ते म्हणायचा तोंडाला हक्क नाही. मला माफ कर असंही आत्ता लिहीत नाही, तुला आधी रागवायला वेळ मिळू दे. एकच भीती आहे की तू यावर विश्वास ठेवणार नाहीस, मला बरं वाटावं म्हणून ताई रचून सांगतेय असं म्हणशील, कारण विश्वास ठेवायची तुझी सवयच मी मोडली. म्हणून पाकिटात ती चिंधी ठेवलीय. त्या दिवसापासून ती कुणी सोडलेली नाही, मी कालसुद्धा सोडली नाही, कडेने कापून काढली. आत दुमडलेला तपकिरी डाग एडक्याच्या रक्ताचा. पण डाग राहू दे, गाठ बघ. टाक्याची आहे. तू ती जन्मात कधी मारली नाहीस. नीट बघ, तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ नकोस. मग भाचीला जवळ बसवून सांग की तिची आई खिंडीत गाडी चालवायची, आणि मावशी शेजारी डोळे मिटून बसायची.

जशी आहे तशी, तुझीच
ताई